डाव्या हाताची साक्ष

परवा धाकट्या नातीनं फोनवर मला मेंदूचे भाग म्हणून दाखवले. तिची परीक्षा जवळ आली आहे, आणि कुणाला म्हणून दाखवल्याशिवाय तिचं पाठ होत नाही. मी डोळे मिटून ऐकत होते. लहान मेंदूचं काम काय, इथं ती अडली आणि मी सहज म्हणाले, "तोल." ती एकदम ओरडली, "आजी, तुला कसं माहीत? तू तर इंग्रजी शिकवायचीस!"

त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. थोरल्या नातवानं हे धाकटीला वाचून दाखवावं. मध्येच सोडू नये.

मला मेंदू शिकवला तो उस्मानाबादच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या एका मास्तरांनी. आताचं धाराशिव ते तेव्हाचं उस्मानाबाद. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मॅट्रिक झालेली मुलं-मुली दोन वर्षं तिथं शिकून शाळांवर शिक्षक म्हणून जात. मास्तरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं कुठंतरी असतील, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या आजोबांच्या लकबी सांगत सुटणं योग्य नाही. गावात त्यांना 'भेजामास्तर' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

उंच, वाळके, दाढी पांढरी, काळी शेरवानी. शेरवानीचा उजवा खिसा खडूनं पांढरा झालेला असे. गुरुवारी मात्र डावा. कारण गुरुवारी मास्तर सगळं डाव्या हातानं करत. फळ्यावर लिहिणं, कुलूप उघडणं, छत्री धरणं. फक्त जेवण तेवढं उजव्या हातानं. फळ्यावरची त्यांची गुरुवारची अक्षरं ऊस खाऊन झिंगलेल्या मुंग्यांसारखी चालत. पहिल्या आठवड्यात आम्ही हसलो. मास्तरांनी आम्हाला हसू दिलं आणि मग म्हणाले, "उजव्या हाताचा मालक मेंदूच्या डाव्या भागात राहतो. डाव्या हाताचा मालक उजव्या भागात. सहा दिवस एकालाच राबवायचं आणि दुसऱ्याला बसून खाऊ घालायचं, हे मला पटत नाही."

सायकलवरून कॉलेजात येतानाही ते रोज वाट बदलत. सोमवारी बाजारातून, मंगळवारी वेशीकडून, बुधवारी कुणाच्या तरी गोठ्याच्या मागून. "सवय म्हणजे मेंदूतली पायवाट. जितकं चालाल तितकी पक्की होते. मग पाय तिकडंच वळतात आणि डोकं झोपून घरी पोचतं." ते दर बुधवारी उशिरा येत, कारण गोठ्यामागची वाट खरी म्हणजे वाट नव्हतीच.

मास्तर हैदराबादेत शिकलेले. सगळं शिक्षण उर्दूतून. आमच्या आधीच्या लोकांना त्यांनी उर्दूतूनच शिकवलं. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरचे काही जण निघून गेले. मास्तर राहिले. पन्नाशीच्या जवळ असताना त्यांनी पाटी घेऊन अ आ इ पासून सुरुवात केली. आम्ही आलो तोवर ते तास अन् तास मराठीत शिकवत होते, आणि शब्द अडला की वर्गालाच विचारत.

"हाफिजा. मराठीत काय म्हणाल?"

"स्मृती," पहिल्या बाकावरची हुशार मुलगी सांगे.

"घरी काय म्हणता?"

"आठवण."

"मग आठवण लिहा. पोरांना स्मृती शिकवायला गेलात तर पोरं तुम्हालाच विसरतील."

पहिल्या दिवसापासून ते आम्हा मुलींना 'बाई' म्हणत आणि मुलांना 'गुरुजी'. मी सतरा वर्षांची, दोन वेण्या, बेंबळीच्या शेतकऱ्याच्या घरातली. एवढा मोठा माणूस "बोला, बाई" म्हणाला की मी मागं वळून बघायची, आपल्यामागं कोण बाई उभी आहे. काही दिवसांनी वळणं थांबलं. त्यांनी हाक मारून मारून मला बाई करून टाकलं होतं.

त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. कुणी काहीही सांगितलं, की पहिला प्रश्न: "मोजलंत का?" आणि कुणी मोजलं असेल, की दुसरा: "एकदा की दोनदा?" एकदा घडलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. कॉलेजातल्या लिंबाखाली एका मुलीच्या डोक्यावर कावळा बसला आणि ती रडत आली, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. ती रडता रडता हसली.

त्यांनी आम्हा प्रत्येकाला एक वही घालायला लावली होती. तिचं नाव विसरवही. दिवसभरात काय विसरलं ते तिच्यात लिहायचं. "आठवलेलं सगळेच सांगतात," ते म्हणत, "विसरलेलं लिहा. त्यातून डोकं कळतं." माझी पहिली नोंद अशी होती: 'खोलीची किल्ली कुठं ठेवली ते विसरले.' मास्तरांनी खाली लाल शाईनं लिहिलं: 'विसरला नाहीत. किल्ली ठेवताना लक्षच नव्हतं. जे आत गेलं नाही ते विसरणार कसं?' पोरी, तुझ्या पुस्तकात अवधान आणि स्मृती अशी दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत ना? माझ्यासाठी ती दोन्ही त्या एका किल्लीला अडकवलेली आहेत.

लक्ष म्हणजे काय हे शिकवायचं होतं त्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, मी बोलताना किती वेळा 'म्हणजे' म्हणतो ते मोजा. आम्ही बोटं मोडत मोजत राहिलो. तास संपताना सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखं आलं. मास्तर खूश. मग म्हणाले, "माझी टोपी बघा." त्यांच्या डोक्यावर शिपायाची खाकी टोपी होती. दारात शिपाई मास्तरांची काळी टोपी घालून उभा. तास चालू असताना तो आत आला होता, टोप्यांची अदलाबदल झाली होती, आणि चाळीस जणांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं. "डोळे उघडे होते ना, गुरुजी?" ते एका मुलाला म्हणाले. "डोळे दार आहेत. दार उघडं असलं म्हणून पाहुणा बसवून घेतला असं होत नाही."

एकदा बाजाराची पंधरा जिनसांची यादी वाचून दाखवली आणि लगेच लिहायला सांगितली. पहिला गूळ आणि शेवटची हळद सगळ्यांनी लिहिली. मधलं मीठ जवळजवळ कुणालाच आठवलं नाही. "धडा घेताना अवघड गोष्ट मध्ये ठेवू नका. मध्ये ठेवलेलं मीठ कुणी घरी आणत नाही." मी पुढं पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि अवघड व्याकरण नेहमी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत घेतलं. विद्यार्थी मला शिस्तीची म्हणत. ती शिस्त त्या मिठाची होती.

आणि भेजा. एका सकाळी मास्तर जेवणाचा डबा घेऊन वर्गात आले, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि डब्यातून पळसाच्या पानावर बकऱ्याचा मेंदू ठेवला. खाटकाकडून ताजा आणलेला. निम्म्या मुलींनी पदर नाकाला लावला. दोघी जणी बाहेर गेल्या, त्यातल्या एकीचा उपास होता. मास्तर शांतपणे म्हणाले, "बाहेर गेलेल्यांना दारातून दिसेल. नाक बंद चालेल, डोळे नकोत." मग पेन्सिलीच्या टोकानं दाखवत गेले. हे दोन अर्धे. मधली ही भेग. अर्धे वेगळे दिसतात पण खाली पूल आहे, त्यावरून निरोप जातात-येतात. मागं खाली हा फुलकोबीसारखा लहान मेंदू, तोल याच्याकडे. हा देठ, श्वास आणि काळजाचे ठोके याच्या हवाली. मग म्हणाले, दोन्ही मुठी मिटा आणि एकमेकींना चिकटवा. तुमचा साधारण एवढा. चाळीस जणांनी मुठी जोडल्या. शेवटी एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, आता याचं काय करायचं?" मास्तर शिपायाकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "लई ग्वाड लागला, सर, तुमचा धडा."

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

दुसऱ्या वर्षी, ज्वारी हुरड्यावर आली होती तेव्हा, माझे वडील विहिरीवर मोट धरताना पडले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. गावातून माणूस मला न्यायला आला. उस्मानाबादहून डॉक्टर येऊन गेले होते. अर्धांगवायू म्हणाले, तेलानं चोळा, पडून राहू द्या, बघू.

आबांचं बोलणं गेलं, पण एक शब्द तेवढा उरला होता. "बरं." पाणी देऊ का? "बरं." उशी काढू का? "बरं." आणि प्रत्येक वेळी मान खाली-वर. माय म्हणायची, बघ, सगळं ऐकतात, सगळ्याला हो म्हणतात, किती शहाण्यासारखं वागतात. आबा आधी असे नव्हते. आबा दहातल्या नऊ गोष्टींना नाही म्हणणारे होते.

मला मॅट्रिकपर्यंत शिकवणारे आबाच. 'माझी पोर शाळा चालवंल,' असं ते पारावर बसून सांगायचे, आणि कुणी हसलं तर त्याच्या शेजारून उठून जायचे.

काका आबांहून बराच धाकटा. वाईट माणूस नव्हता, हे आधी लिहून ठेवते. पडलेल्या भावाला विहिरीपासून घरापर्यंत पाठीवर आणणारा तोच. पण तो घाबरला होता. "दादाचं आता काय सांगता येत न्हाय," तो मायला म्हणाला, "त्यांच्या डोळ्यांदेखत पोरीचे हात पिवळे झाले म्हंजी सुटलो, वयनी." अणदूरचं एक स्थळ होतं. मुलगा चांगला, शेती चांगली, अट एकच: ट्रेनिंग सोडायचं, नोकरी करायची नाही. काका आबांच्या खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, अणदूरचं जुळवून टाकू का?"

"बरं," आबा म्हणाले. मान खाली-वर.

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांच्या पायाला हात लावून तो बाहेर गेला. गुरुवारी दुपारी अणदूरची माणसं सुपारी फोडायला येणार असं ठरलं. लग्न पक्कं झालं की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर सुपारी फोडायची, आणि फोडलेली सुपारी कुणी परत जोडत नाही.

मंगळवारी मी ट्रंक आणायला उस्मानाबादला गेले. मास्तरांना सांगितल्याशिवाय जाणं बरोबर नव्हतं म्हणून वर्गात गेले. ते एकटेच फळा पुसत होते.

"सर, माझं शिक्षण संपलं."

"कुणी ठरवलं?"

"आबांनी. त्यांना विचारलं. बरं म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"तेवढंच बोलतात ते आता."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "पाणी हवं का विचारलं तर?"

"बरं."

"पाणी नको ना, असं विचारलं तर?"

मी आठवून पाहिलं. मायनं एकदा असंच विचारलं होतं. "तेव्हाही बरं."

"बाई," मास्तर म्हणाले, "ही संमती नाही. हे लक्षण आहे."

त्यांनी आपल्या डोक्याच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं.

"बोलणं बनवायची जागा बहुतेक माणसांत डाव्या भागात असते. ती दुखावली की एखादा घोटलेला शब्द तेवढा सुटून बाहेर येतो. त्याला अर्थ नसतो. उचकीसारखा येतो. बरे कधी होतील हे मला विचारू नका, मी डॉक्टर नाही. आपण दोनच गोष्टी शोधायच्या. त्यांना समजतं का? आणि समजलेलं सांगायला कोणती वाट उरलीय? तुम्ही उद्या मोजा. मी परवा सकाळी येतो."

"परवा दुपारी सुपारी आहे, सर."

"म्हणून तर सकाळी."

मी ट्रंक तिथंच ठेवली आणि विसरवही घेऊन परत गेले.

बुधवारी सकाळी माय शेतात जाताच मी आबांच्या खाटेशी बसले. वीस प्रश्न लिहून काढले होते. दहांचं खरं उत्तर हो, दहांचं नाही. आबा, तुमचं गाव बेंबळी का? बरं. आबा, तुमचं गाव मुंबई का? बरं. आबा, मी तुमची मुलगी का? बरं. आबा, मी तुमची आई का? बरं. वीस प्रश्न, वीस बरं. मास्तर बरोबर होते.

मग दुसरी परीक्षा. दोन वस्तू खाटेवर ठेवायच्या, एक इकडे, एक तिकडे, आणि एकीचं नाव घ्यायचं. आबांनी चालत्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं, ती उचलायची. तांब्या द्या. त्यांनी चष्मा उचलला. किल्ली द्या. किल्ली उचलली. पानाचा डबा द्या. तांब्या उचलला. वीसपैकी दहा बरोबर, दहा चूक. डोळे मिटून उचललं असतं तरी तेवढंच आलं असतं. मी वहीत लिहिलं: 'आबांना समजत नाही.' मोजलं होतं, म्हणून लिहिलं.

गुरुवारी पहिल्या एस.टी.नं मास्तर आले. डाव्या हातात छत्री. त्यांनी आबांना सलाम केला, खाटेजवळच्या पोत्यावर बसले आणि माझी वही उघडली. माझं शेवटचं वाक्य वाचून त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. "दोन वस्तू कुठं कुठं ठेवल्यात?"

"एक या बाजूला, एक त्या."

"प्रत्येक वेळी उचलली ती कोणत्या बाजूची?"

मी वही घेतली. बाजूही मी लिहून ठेवली होती, सवयीनं. रकाना वरून खाली पाहिला. डावी. डावी. डावी. वीसच्या वीस वेळा डावी.

तेवढ्यात माय आबांचं ताट घेऊन आली. भाकरी, पिठलं, ठेचा. आबा डाव्या हातानं जेवू लागले आणि अर्ध्यात थांबले. माय म्हणाली, "रोज असंच, सर. अर्धं टाकत्यात. जेवणावरची वासनाच गेली बघा."

मास्तर वाकून ताटाकडे बघत होते. ताटाची डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूला भाकरी आणि पिठलं जसंच्या तसं.

"ताई," ते मायला म्हणाले, "ताट फिरवा."

"काय?"

"उचलू नका. नुसतं फिरवा. तिकडचं इकडं."

मायनं ताट फिरवलं. आबांनी खाली पाहिलं, जणू आत्ताच कुणी नवं वाढलं. आणि जेवू लागले. सगळं संपेपर्यंत जेवले. मायनं पदर तोंडात धरला. पंधरा दिवस तिचा माणूस अर्धपोटी झोपत होता आणि अन्न त्याच्यासमोर होतं.

"डोळे शाबूत आहेत," मास्तर हळू म्हणाले. "पण उजवीकडचं जग डोक्यात जिथं पोचतं ती जागा बंद आहे. बाई, तुम्ही उजवीकडं ठेवलेलं त्यांना दिसलंच नाही. परीक्षा तुमची चुकली. ते नापास नाहीत."

दोन्ही वस्तू आता डावीकडेच, एक वर आणि एक खाली, अशा ठेवायच्या होत्या. तोच काका आत आला. डोक्याला नवा फेटा, हातात रुमालात बांधलेली सुपारी. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि मग मास्तरांना म्हणाला, "सायब, तुमी शिकलेली मानसं. पण माझा भाऊ सवताच्या तोंडानं बरं म्हनला. म्या ऐकलंय."

"तुम्हीच विचारा पुन्हा," मास्तर म्हणाले. "जे खोटं आहे असं काही विचारा."

काका खाटेजवळ गेला. "दादा, आज लई पाऊस पडतोय का?" बाहेर ऊन होतं.

"बरं."

काकानं दारातल्या उन्हाकडे पाहिलं. मग आणखी जवळ सरकून, जरा आवाज चढवून, "दादा, म्या बाई हाय का?"

"बरं," आबा म्हणाले आणि मान हलवली. दारातून डोकावणाऱ्या शेजारणी फिस्सकन हसल्या. काका हसला नाही. तो आबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आता वस्तू," मास्तर म्हणाले. "तुम्हीच मांडा. तुम्हीच नाव घ्या. मी आणि बाई भिंतीकडं तोंड करतो."

काकानं वस्तू मांडल्या. मी भिंतीकडं बघत ऐकत होते. तांब्या. किल्ली. चष्मा. अडकित्ता. दर वेळी काकाचा आवाज बारीक होत गेला. दहा झाल्यावर तो म्हणाला, "समदं बराबर." मग थोड्या वेळानं, "समजतंय त्यांना. समदं समजतंय."

मी म्हणाले, "काका, मग सुपारीचं पुन्हा विचारा. या हाताला विचारा."

काकानं मान हलवली. "डावा हात हाय, पोरी. असल्या कामाला डावा हात चालत न्हाय. सोयरीक डाव्या हातानं ठरती का मोडती का? लोक काय म्हनतील?"

मास्तर काही बोलणार होते. त्यांच्या आधी माय बोलली. माझी माय दिरासमोर कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. "भावजी, पंधरा दिस झालं त्याच हातानं जेवत्यात. देवानं चालवून घेतलं. तुमी चालवून घ्या."

काकानं फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. त्यानं रुमाल सोडून सुपारी खाटेवर ठेवली, डावीकडे, वरच्या बाजूला. खालच्या बाजूला मी माझी विसरवही ठेवली. काकानं विचारलं, आणि या वेळी त्यानं दोन्ही बाजू नीट सांगितल्या. "दादा, ही सुपारी, म्हंजी अणदूर. ही वही, म्हंजी पोरगी शिकनार, शाळेवर जानार. तुमच्या मनात काय?"

आबांनी खूप वेळ घेतला. मग सुपारी उचलली. त्यांनी सुपारी काकाच्या तळहातावर ठेवली आणि एकेक करून काकाची बोटं तिच्यावर मिटवली. मग हात वहीवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

माय रडली. शेजारणी दारातून आत आल्या. मीही रडणार होते. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला. "एकदा झालं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"वही हाताजवळ होती, बाई. सुपारी लांब. उचलून बाजूला केली असेल, आणि जवळच्या वस्तूवर हात टेकला असेल. जागा बदला. पुन्हा विचारा."

"सायब," काका म्हणाला, "मिटलं की आता!"

"मिटलं असेल. आपल्याला खात्री नाही. उद्या तुम्हालाच कुणी विचारेल, तेव्हा काय सांगाल?"

मला त्या क्षणी त्या माणसाचा राग आला. मला हवं ते उत्तर हातात आलं होतं आणि तो ते परत टाकायला सांगत होता. खोलीत कुणी हललं नाही. जागा बदलायच्या तर त्या मलाच बदलाव्या लागणार होत्या. मी आबांच्या हाताखालून वही काढली आणि लांब ठेवली. काकाच्या मुठीतून सुपारी घेतली आणि आबांच्या बोटांजवळ ठेवली. आणि मी स्वतः विचारलं, "आबा, सुपारी की वही?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वाकड्या तोंडावर जे उमटलं ते मी लहानपणापासून ओळखत होते. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं की येणारा तो राग. डाव्या हाताच्या उलट्या बाजूनं त्यांनी सुपारी उडवली. ती घरंगळत चुलीपर्यंत गेली. मग हात लांब करून वही ओढली, एका अंगावर कलून ती आपल्या मांडीखाली सारली, आणि तिच्यावर दाबून बसले. आता काढून दाखवा, असं सगळ्यांकडे बघत.

काका उठला. चुलीजवळून सुपारी उचलली, झाडली, रुमालात बांधली. "अणदूरच्या लोकास्नी म्या वाटंतच गाठतो," म्हणाला. दारात थांबून त्यानं मला विचारलं, "ट्रंक कुठंय तुझी?"

"कॉलेजात."

"तितंच ऱ्हाऊ दे."

आबा पुढं सहा वर्षं होते. दहा-बारा शब्द परत आले, त्यातला पहिला 'न्हाय' होता. माय शेवटपर्यंत त्यांचं ताट अर्ध्या जेवणात फिरवत असे, न बोलता, सहज. मी ट्रेनिंग पुरं केलं, शाळेवर लागले, पुढं बाहेरून बी.ए. केलं, इंग्रजी घेतलं. तुमचे आजोबा नंतर भेटले आणि त्यांना मी दोनदा विचारलं.

त्या दिवशी आबा मांडीखालची वही द्यायला तयार नव्हते. दुपारी त्यांचा डोळा लागला तेव्हा मायनं ती हळूच काढली. मास्तरांनी निघण्याआधी मागून घेतली आणि काहीतरी लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. त्या पानाचा फोटो सोबत पाठवते. पानाला पिठल्याचा डाग आहे आणि मध्ये चुणी पडली आहे, ती आबांच्या वजनाची. अक्षर वाचायला त्रास होईल, कारण दिवस गुरुवार होता. म्हणून इथं नीट लिहून देते:

'दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच. बाई, सोमवारी वर्गात हजर राहा.'